उन्हावर ॲल्युमिनियम वितळवायचंय, रबाळ्यात जमेल का?

रबाळेवाला (धागाकर्ता) · ९ मार्च, रात्री ११:०५

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. पुढच्या गाळ्यात ग्रॅव्हिटी डाय कास्टिंग (वितळलेला धातू साच्यात ओतणं), मागच्या गाळ्यात पावडर कोटिंग (पावडरीचा रंग ओव्हनमध्ये पक्का करणं). क्रुसिबल, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, असलेली भट्टी एकच, पीएनजीवर (पाइपाच्या गॅसवर) चालते. दिवसाला दीडशे किलोच्या आसपास ॲल्युमिनियम वितळतं. कोटिंगकडे सेव्हन टँक (रंगाआधी माल धुवायच्या सात टाक्या) आणि एक ओव्हन, तेही गॅसवरच. हिशेब बायको बघते. बिल आलं की दोन दिवस घरात आमटी अळणी.

मागच्या रविवारी मुलाने एक व्हिडिओ दाखवला. जुन्या प्रोजेक्शन टीव्हीतलं चौकोनी, प्लॅस्टिकचं, रेघारेघांचं भिंग लाकडी चौकटीत ठोकलंय आणि खाली नाणं ठेवलं की बघता बघता त्याचं पाणी. तेव्हापासून झोप नाही. ॲल्युमिनियमला ६६० अंश पुरतात. आमच्या शेडच्या पत्र्यावर मार्चपासूनच हात ठेवता येत नाही. हे सगळं ऊन वर फुकट पडतंय आणि खाली मी गॅस जाळतोय.

आरसा किंवा भिंग केवढं लागेल? आपल्याकडे कोणी केलंय का? खुळचटपणा वाटत असेल तर तसंही बिनधास्त सांगा, घरी सवय आहे.

खवचट_खोपटकर · ९ मार्च, रात्री ११:२०

एप्रिलात दुपारी दीड वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावर उभे राहा. तिथे माणूस वितळतो, ॲल्युमिनियमचं काय घेऊन बसलात. (ह. घ्या.)

सीमा_वाशी · १० मार्च, सकाळी ८:१०

खुळचटपणा असेलच तर तो फार जुना आणि अस्सल मुंबईचा आहे. १८७०च्या दशकात मुंबई हायकोर्टात विल्यम ॲडम्स नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याने कुलाब्यात बंगल्याच्या आवारात सपाट आरशांचे छोटे छोटे तुकडे अर्धगोलात मांडले, सगळ्यांचा कवडसा एका बॉयलरवर पाडला आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचं इंजिन चालवून लोकांना दाखवलं. इथल्या गिरण्यांना लागणारा कोळसा विलायतेहून बोटीने यायचा, त्याला पर्याय म्हणून. १८७८ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. त्याच साली पॅरिसच्या प्रदर्शनात मूशो नावाच्या फ्रेंच शिक्षकाने उन्हाच्या वाफेवर यंत्र चालवून बर्फ करून दाखवला होता.

मूशोचा आरसा म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला वक्र पत्रा. ॲडम्सचं म्हणणं होतं की इतकी महाग, सारखी घासत बसावी लागणारी वस्तू कशाला, साधे काचेचे सपाट आरसे घ्या आणि एकेक वळवून लावा. आज वाळवंटात मनोऱ्याभोवती हजारो सपाट आरसे उभे असतात, त्यांची जात हीच.

आपल्याकडे मात्र कोळसा स्वस्त झाला आणि विषय मिटला.

रबाळेवाला · १० मार्च, सकाळी ९:०२

कुलाब्यात? आणि आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही. सीमाताई, धन्यवाद. म्हणजे कुलाब्याच्या दमट हवेतही वाफ झाली होती!

अदिती_ऐरोली · १० मार्च, रात्री १०:४८

रबाळेवाले दादा, माझं एम.टेक. याच विषयात झालंय, आता पोट वेगळ्या कामावर भरते. प्रतिसाद मोठा होणार, चहा घेऊन बसा.

आधी तुमचं भिंग. समजा ते एक मीटर बाय पाऊण मीटर आहे. आपल्याकडे चांगल्या निरभ्र दुपारी सूर्याकडून थेट येणारं ऊन चौरस मीटरला साधारण ८०० वॅट धरा. म्हणजे भिंगावर ६००. प्लॅस्टिक त्यातलं काही खातं, खाली ५००च्या आत पोहोचतं. घरातली इस्त्री याहून जास्त ओढते. मग नाणं कसं वितळतं? कारण ते सगळे वॅट नखाएवढ्या जागेत उतरतात आणि नाणं काही ग्रॅमचं असतं. एक किलो ॲल्युमिनियम खोलीच्या तापमानापासून वितळवायला साधारण १.०५ मेगाज्यूल लागतात, म्हणजे जेमतेम ०.३ युनिट. तुमच्या भिंगाला त्यासाठी पस्तीस-चाळीस मिनिटं लागतील, तीही एक कणही उष्णता वाया गेली नाही तर. वाया ती जाणारच. व्हिडिओत तापमान दिसतं, उष्णता दिसत नाही. नाण्याला तापमान पुरतं. दीडशे किलोला उष्णता लागते.

आता ती वाया का जाते. तापलेली कुठलीही वस्तू प्रकाशरूपाने उष्णता फेकत असते आणि ते प्रमाण केल्व्हिनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. भट्टीचं तोंड ७५० अंशांवर असेल तर दर चौरस मीटरमागे साधारण ६० किलोवॅट नुसते तोंडातून बाहेर. वरून ऊन येतंय ०.८. म्हणजे पंचाहत्तर पट एकवटलंत तरी हाती भोपळा, त्यापुढे जे एकवटाल तेवढीच कमाई. १५०० अंशांना हाच आकडा ५६० किलोवॅटवर जातो, म्हणजे ७०० पट फक्त तोंडमिळवणीला. ७० अंशांवर मात्र हे नुकसान इतकं किरकोळ असतं की आरसाच लागत नाही.

फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतात ओडेयो इथे जगातली नावाजलेली सौरभट्टी आहे, १९७०च्या सुमारास सुरू झालेली. उतारावर ६३ मोठे सपाट आरसे. ते सूर्याबरोबर फिरतात आणि समोरच्या इमारतीएवढ्या अंतर्वक्र आरशावर ऊन टाकतात. एकूण एक मेगावॅट, आणि ते उतरतं पातेल्याच्या तोंडाएवढ्या जागेत. तिथे ३००० अंशांच्या वर जाता येतं. ज्वाळा नाही, धूर नाही, इलेक्ट्रोडचा कार्बन मिसळत नाही, त्यामुळे अतिशुद्ध ऑक्साइड, सिरॅमिक, अवकाशयानाच्या कवचाचे नमुने यांच्या चाचण्या तिथे होतात. तसाच जुळा भाऊ १९८७ साली सोव्हिएत उझबेकिस्तानात पार्केंतला उभा राहिला, ६२ आरशांचा. दोन्ही उंचावर, कोरड्या हवेत. दोन्ही ठिकाणी बहुतेक काम प्रयोगाचं, रोज दीडशे किलोच्या कास्टिंगचं नाही.

उद्या पुढचं लिहिते. बाळ उठलं.

चौकस · १० मार्च, रात्री ११:१५

वाचतोय. एक बाळबोध शंका: भिंगामागे भिंग लावून बिंदू अजून बारीक करत गेलं तर तापमान हवं तेवढं वाढवता येईल ना?

अदिती_ऐरोली · ११ मार्च, रात्री १०:३०

चौकस, शंका बाळबोध नाही, परीक्षेत विचारतात. नाही वाढवता येणार. सूर्य बिंदू नाही, आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे. म्हणून केंद्रावर पडतं ते सूर्याचं चित्र असतं, आणि ते केंद्रांतराच्या दर मीटरला सव्वानऊ मिलिमीटरपेक्षा बारीक होत नाही. हवेत जास्तीत जास्त ४६,००० पट एकवटता येतं, कागदावर. आणि काहीही केलंत तरी वस्तू सूर्याच्या पृष्ठभागाहून, म्हणजे साडेपाच हजार अंशांहून गरम होणार नाही.

दुसरं, पृथ्वी फिरतेय. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका. व्हिडिओतला माणूस चौकट सारखी हलवत असतो ती याचसाठी. कारखान्यात ते काम मोटरने करावं लागतं, दिवसभर, न चुकता.

आता दादांच्या भट्टीत शिरू. माझ्या हिशेबाने दीडशे किलोला ४५ युनिट धातूत जायला हवेत, नुकसान धरून दुप्पट. चांगल्या दिवशी पस्तीस-चाळीस चौरस मीटरचा फिरता आरसा ते देईल. ऐकायला अशक्य वाटत नाही, बरोबर? गोची पुढे आहे. वितळलेलं ॲल्युमिनियम स्वतःच आरसा आहे, पडलेलं बहुतेक ऊन ते परत फेकतं. म्हणून धातूवर नाही, काळ्या ग्रॅफाइटच्या क्रुसिबलवर किंवा पोकळ कोठीत ऊन सोडावं लागतं. त्यात आरशाची थाळी वर सूर्याकडे बघते आणि उजेड खालून वर केंद्राकडे जातो. म्हणजे क्रुसिबल पालथं टांगणार का? जर्मनीत कलोनला डीएलआर संस्थेने ॲल्युमिनियम वितळवण्यासाठी आडवी फिरती भट्टी केली, तोंड बाजूला, ते यासाठीच. आणि तुम्हाला डायमध्ये ओतायला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा धातू ७०० अंशांवर धरून ठेवावा लागतो. ढग आला तर लॅडल (धातू ओतायची पळी) हातात घेऊन थांबणार?

नाना_नौपाडा · १२ मार्च, सकाळी ६:५५

अदिती बेटा, छान समजावलंस. मी वागळे इस्टेटमध्ये पस्तीस वर्षं हीट ट्रीटमेंट केली, आता निवृत्त. एक गंमत सांगतो. या सौर वीजकेंद्रांत उष्णता साठवायला वितळलेलं मीठ वापरतात, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेटचं मिश्रण, हे नातवाने वाचून दाखवलं तेव्हा मी हसत सुटलो. अरे, हे तर आमचं टेम्परिंगचं, म्हणजे कडक केलेलं पोलाद परत तापवून ठिसूळपणा घालवायचं सॉल्ट! आयुष्य गेलं त्याच्या वाफेत. ते लोक ५६५ अंशांपर्यंत जातात, आम्हीही साधारण तिथेच थांबायचो, कारण त्यापुढे मीठ विघटन पावायला लागतं.

आणि भीतीही तीच. फिक्स्चर ओलं राहिलं आणि तसंच बाथमध्ये उतरवलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि मीठ कारंज्यासारखं उडतं. आमच्या एका हेल्परच्या हातावर त्याची नक्षी अजून आहे. फिक्स्चर आधी ओव्हनवर वाळवायचं हा नियम त्या दिवसापासून कोणी मोडला नाही.

मला विचारायचं होतं, स्टीलचा फक्त पृष्ठभाग कडक करायला हे ऊन चालेल का? इंडक्शनने करतो तसं. आतला गाभा थंड, वरचा मिलिमीटर लाल, आणि गाभाच त्याला क्वेंच करतो, म्हणजे झटकन थंड करतो.

अदिती_ऐरोली · १२ मार्च, दुपारी १:१५

नाना, नेमकं हेच! स्पेनमध्ये अल्मेरियाच्या सौर संशोधन केंद्रात पोलादाचा पृष्ठभाग कडक करण्याचे प्रयोग झालेत. दोन-तीन हजार पट एकवटलेलं ऊन काही सेकंद पाडायचं. माझ्या मते एकवटलेल्या उन्हाचं धातुकामातलं सगळ्यात देखणं काम हेच आहे, कारण इथे उष्णता थोडी आणि तीव्रता प्रचंड लागते. पण आपल्याकडे इंडक्शनवाला समोरच्या गल्लीत असतो आणि तो पावसातही करून देतो.

ओंकार_तळोजा · १२ मार्च, रात्री ९:४०

केमिकल प्लँटच्या युटिलिटीत आहे, वाफ हाच माझा धंदा. थोडं पाणी ओततो, रागावू नका.

एकवटणाऱ्या आरशाला थेट ऊन लागतं, ज्याची काळी कुळकुळीत सावली पडते ते. विखुरलेला उजेड त्याला निरुपयोगी. आणि आपल्या पट्ट्यात काय आहे? जून ते सप्टेंबर आकाश बंद. हिवाळ्यात खाडीवरचं धुकं आणि त्यात आमच्यासारख्यांचा धूर, सकाळी दहापर्यंत सूर्य म्हणजे पिवळी पापडी. शिवाय रबाळे, महापे, पावणे या भागाला पूर्वेला पारसिकचा डोंगर, सूर्य उगवल्यावरही तुमच्या गाळ्यात उशिरा पोहोचतो. एप्रिल-मेमध्ये घामाच्या धारा लागतात त्या दमटपणाने, थेट उन्हाच्या जोराने नव्हे. पत्रा भाजतो म्हणजे आरसा चालेल असं नाही.

आरसा उभारलात तरी खारा वारा काचेमागची चांदी कडेकडेने खातो. आणि मेअखेरच्या वादळी वाऱ्यात ती थाळी म्हणजे शीड. १६ चौरस मीटरवर ताशी १०० किलोमीटरचा वारा आडवा आला तर पाऊण टनाचा रेटा बसतो. तुमच्या सिमेंटच्या पत्र्याच्या शेडवर हे बसवणार?

सीमा_वाशी · १२ मार्च, रात्री १०:१०

पण शिर्डीला चालतंच की. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ पासून ७३ थाळ्या आहेत, प्रत्येकी १६ चौरस मीटर. त्यांच्या वाफेवर हजारो लोकांचा स्वयंपाक होतो. लातूरच्या महानंद डेअरीत दूध पाश्चराइज करायला आयआयटी मुंबईच्या शिरीष केदारे यांनी घडवलेली ‘अरुण’ ही मोठी थाळी बसवली होती, त्यालाही वीस वर्षं होत आली. सगळं अशक्यच असतं तर हे कसं उभं राहिलं?

ओंकार_तळोजा · १२ मार्च, रात्री १०:३५

सीमाताई, दोन्ही जागा बघा. शिर्डी आणि लातूर, घाटमाथ्यापलीकडे, कोरडी हवा, गच्च्या आणि आवारं मोकळी. आणि दोन्हीकडे काम वाफेचं किंवा गरम पाण्याचं, १५०-२०० अंशांच्या आतलं. तिथेही पावसाळ्यासाठी जुना बॉयलर हाताशी ठेवलाय. मी उन्हाच्या विरोधात नाही. घाटाखाली वितळवण्याच्या विरोधात आहे.

खवचट_खोपटकर · १२ मार्च, रात्री १०:४१

थोडक्यात, देव सुद्धा घाटावर जास्त पावतो.

नाना_नौपाडा · १३ मार्च, सकाळी ७:०५

शिर्डीला आहे तसली शेफ्लरची थाळी मी अबूला ब्रह्माकुमारींकडे पाहिली आहे. फार हुशार रचना. मोठ्या पॅराबोलाचा बाजूचा काप घेतलाय, त्यामुळे केंद्र थाळीसमोर न लटकता बाजूला स्थिर राहतं आणि चूल भिंतीआड ठेवता येते. थाळी घड्याळासारखी पृथ्वीच्या आसाला समांतर दांड्यावर फिरते. ऋतू बदलला की चौकट थोडी वाकवून तिचा आकारच बदलतात. वेल्डरच्या दुकानात बनावी अशी वस्तू. तिथून थोड्या अंतरावर त्यांनी साठ-साठ चौरस मीटरच्या ७७० थाळ्यांचं वीजकेंद्र केलं, आणि उष्णता साठवायला ओतीव लोखंडाचे ठोकळे! आमच्या धंद्याचा माणूस ते बघून गहिवरेल.

रबाळेवाला · १३ मार्च, रात्री ११:३०

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. बायकोलाही वाचायला दिले. ती म्हणाली, “भट्टी राहू दे, गॅस नक्की कुठे जातो ते आधी लिहून काढ.” आम्ही कधी वेगळा मोजलाच नव्हता, मीटर एकच. या आठवड्यात प्रत्येक बर्नर किती वेळ चालतो याची वही घातली.

धक्का बसला. वितळवणं पहिलं येणार हे ठाऊक होतं. पण दुसरा नंबर ओव्हनचा वाटला होता, निघाला टाक्यांचा. डिग्रीझिंग (तेलकटपणा काढणं) आणि फॉस्फेटिंग (रंग धरावा म्हणून फॉस्फेटचा थर देणं), दोन्ही टाक्या दीड-दीड हजार लिटरच्या, ६५ अंशांवर ठेवतो. रात्री बंद. सकाळी साडेसातला पोरगा येऊन बर्नर पेटवतो, दहाला पहिला लॉट बुडतो. सकाळी थर्मामीटर घातला तर ३८.

अदिती_ऐरोली · १४ मार्च, रात्री १०:००

वहिनींना माझा नमस्कार सांगा. इतक्या प्रतिसादांत आम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न त्यांनी विचारला.

दादा, आता खरी मजा. ३८ वरून ६५ला न्यायला एका टाकीला रोज ४७ युनिट उष्णता लागते. दोन टाक्या म्हणजे तुमच्या दीडशे किलो ॲल्युमिनियममध्ये प्रत्यक्ष शिरणाऱ्या उष्णतेच्या दुप्पट! भट्टी जास्त गॅस खाते कारण ती बरीचशी उष्णता धुराड्यातून सोडते, पण कामाची उष्णता टाक्यांना जास्त लागते. आणि हे काम ६५ अंशांचं आहे. त्याला ना आरसा लागत, ना सूर्यामागे धावणारी मोटर. सोसायट्यांच्या गच्चीवर असतात त्या निर्वात काचनळ्या पुरतात, त्या विखुरलेल्या उजेडातही थोडं काम करतात. ढगाळ दिवशी निदान ४०-४५पर्यंत आणून देतील, पुढे बर्नर.

चिलीच्या वाळवंटात गाब्रिएला मिस्त्राल नावाची तांब्याची खाण आहे. तांबं शुद्ध करायच्या विद्युतद्रावणाला ऊब लागते, ती आधी डिझेलवर द्यायचे. २०१३ मध्ये त्यांनी जवळपास ३९,००० चौरस मीटरचे साधे सपाट सौर तापक बसवले आणि बहुतेक डिझेल सुटलं. जगातलं उत्तम ऊन त्यांच्या डोक्यावर, आरशांची चैन परवडली असती. पण काम कोमट होतं, म्हणून साधन साधं.

आणि त्याआधी, टाकीवर झाकण आहे का?

रबाळेवाला · १४ मार्च, रात्री १०:२०

…नाही.

ओंकार_तळोजा · १४ मार्च, रात्री १०:३२

झालं! अहो, ६५ अंशांच्या उघड्या पाण्यातून रात्रभर वाफ जाते ती तुमच्याच पैशाची. आतून पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलेलं झाकण करा. दिवसा जॉब बुडवायचे म्हणून झाकण नको असेल तर पोकळ प्लॅस्टिकचे गोळे मिळतात, ते पृष्ठभागावर तरंगतात, जॉब मधून सरकत जातो.

अजून एक पर्याय मांडून ठेवतो. छतावर साधी सोलर पॅनेल, म्हणजे २० टक्के ऊन विजेत. त्या विजेवर हीट पंप, जो एका युनिटमागे तीन युनिट उष्णता ओढून आणतो. गुणाकार केलात तर ६० टक्के, चांगल्या आरशाच्या थाळीइतकंच. वर ढगाळ दिवशी वीज थोडी का होईना मिळते, रविवारी कारखाना बंद असेल तर ग्रिडला जाते, आणि पंपाच्या दुसऱ्या तोंडातून येणारी गार हवा कास्टिंगच्या पोरांवर सोडता येते. ६५-७० अंशांच्या कामात आरशाला खरी टक्कर याची आहे. २०० अंशांच्या वर मात्र पंप हात टेकतो, तिथे आरशाला मान आहे.

चौकस · १५ मार्च, दुपारी ३:००

मग सिमेंट, चुनाभट्टी असल्या मोठ्या भट्ट्यांना हे ऊन लागू होईल का? बातम्या येतात अधूनमधून.

अदिती_ऐरोली · १५ मार्च, रात्री ११:१०

होताहेत प्रयत्न. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात हेलिओजेन कंपनीने आरसे संगणकाने नेमके वळवून १००० अंशांच्या वर नेऊन दाखवलं. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिनहेलियनने सेमेक्स या सिमेंट कंपनीबरोबर सौर उष्णतेवर क्लिंकर (दळल्यावर ज्याचं सिमेंट होतं ते खडे) केलं, प्रयोगशाळेच्या प्रमाणात. पण चुनखडीत एक मेख आहे. ती भाजली की दगडातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो, एक किलो चुन्यामागे पाऊण किलोहून जास्त. इंधन उन्हाचं केलंत तरी दगडाचा वायू तसाच उरतो. फक्त त्यात धूर मिसळलेला नसतो, त्यामुळे तो शुद्ध आणि पकडायला सोपा. मला हा मुद्दा तापमानाच्या आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो, पण बातमीत आकडाच येतो.

रबाळेवाला · २ एप्रिल, रात्री ९:५०

अपडेट. झाकणं झाली. शेजारच्या फॅब्रिकेटरने दोन पत्र्यांमध्ये पफ भरून दिली, चार दिवसांत. काल रात्री ६५ वर बंद केलं, आज सकाळी ५१. आरसा नाही, भिंग नाही, सूर्यसुद्धा नाही. अदितीताईंच्या पद्धतीने हिशेब केला, एका टाकीमागे रोज २२-२३ युनिट वाचतात. पोरगा आता साडेआठला येतो आणि माझे आभार मानतो.

पण खरं सांगू? भिंग डोक्यातून जात नाही. कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे एक मिळालंय.

प्रज्ञा_कळवा · २ एप्रिल, रात्री १०:१५

शाळेत विज्ञान शिकवते म्हणून काळजीने लिहितेय. केंद्राकडे साध्या गॉगलने बघू नका. तो ठिपका दिसतो त्याहून घातक असतो, डोळ्यातल्या पडद्याला दुखत नाही, त्यामुळे भाजल्याचं कळतच नाही. आर्क वेल्डिंगची गडद काच हवी, आणि मुलगा जवळ असेल तर त्यालाही. सिमेंटच्या फरशीवर ठिपका पडू देऊ नका, आतल्या ओलाव्याने ती तडकून उडते.

अदिती_ऐरोली · ३ एप्रिल, सकाळी ७:३०

+१. आणि करायचंच तर १६ मेला करा. त्या दिवशी आपल्याकडे शून्य सावली, दुपारी साडेबाराच्या पुढे पाच मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर. भिंग आडवं ठेवता येईल, क्रुसिबल सरळ उभं, तिरकं काही नाही. वर्षातून असे दोनच दिवस, आणि दुसरा जुलैअखेर. तेव्हा सावली नसते कारण सूर्यच नसतो.

रबाळेवाला · १६ मे, रात्री ८:४०

केलं! गाळ्याच्या गच्चीवर. नाना नौपाड्याहून खास आले, स्वतःची वेल्डिंगची काच घेऊन. प्रज्ञाताईंचं ऐकून खाली विटांवर कोरडी वाळू पसरली. छोटं ग्रॅफाइटचं क्रुसिबल, आत ४० ग्रॅम भंगार. साडेबाराला एक पातळ ढग आला आणि आम्ही सहा जण मान वर करून शिव्या घालत उभे. १२:३८ ला सुरू केलं. मुलगा चौकट सरकवत होता. अकरा मिनिटांनी वरची साय नानांनी सळईने बाजूला केली आणि खाली चांदीसारखं. वाळूत बोटाने पाडलेल्या खळग्यात ओतलं. एक वेडावाकडा बदाम झालाय, बायकोने देवघरात ठेवलाय.

चाळीस ग्रॅमला अकरा मिनिटं, सहा माणसं. आमची भट्टी तेवढ्या वेळात अर्धा क्रुसिबल वितळवते. गॅसची भट्टी राहणार.

नाना_नौपाडा · १६ मे, रात्री ९:२५

बहुतेक उष्णता क्रुसिबललाच लागली, धातूला थोडी. वर सिरॅमिक लोकरीची टोपी हवी होती, मधे भोक ठेवून. पुढच्या वर्षी.

रबाळेवाला · २१ ऑक्टोबर, रात्री १०:०५

धागा वर काढतोय. पावसाळा संपला, कोटेशनं घेतली. काचनळ्या घ्यायचं ठरतंय, दोन्ही टाक्यांसाठी. झाकणांमुळे आता पहिल्या अंदाजाच्या निम्म्याच नळ्या पुरतात, म्हणजे उशीर झाला तेही बरंच झालं. हीट पंपाचाही भाव काढला, ओंकार, तुमचं गणित पटलंय, पण छताचा मालक पॅनेलला परवानगी देईना. नळ्यांचं वजन पत्र्यावर नको म्हणून बाजूला पोटमाळ्यासारखा लोखंडी सांगाडा उभारायचाय. रबाळे-तुर्भे भागात असं काम केलेला कोणी फॅब्रिकेटर माहीत असेल तर व्यनि करा.

भिंग गच्चीवरच आहे, गोणपाटाखाली झाकून ठेवलंय.

अदिती_ऐरोली · २१ ऑक्टोबर, रात्री १०:१२

दादा, गोणपाट वाऱ्याने उडालं तर? ऑक्टोबरचं ऊन आहे. आत्ता जाऊन खाली आणा, कपाटामागे तोंड भिंतीकडे करून ठेवा.

रबाळेवाला · २१ ऑक्टोबर, रात्री १०:१४

रात्री दहाला कसलं ऊन, ताई. बरं, सकाळी पोरगा साडेआठला येतो, त्याला सांगतो.

अदिती_ऐरोली · २१ ऑक्टोबर, रात्री १०:१५

सूर्य त्याच्या आधी येतो.

ओंकार_तळोजा · २१ ऑक्टोबर, रात्री १०:२१

रबाळ्यात नाही येत. पारसिकचा डोंगर आहे.